वजनकाटा वर्गाबाहेर न्या : माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत गेली २३ वर्षं मराठी शिकवते. आठवी-नववीचं वर्गशिक्षकपद बहुतेक वर्षी माझ्याकडेच असतं. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पण एक मागणी घेऊन आपल्याकडे आले आहे आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकते. मुलांची उंची-वजनं भर वर्गात मोजणं आणि आकडे मोठ्यानं पुकारणं या सत्रापासून बंद करा.

एवढ्याशा गोष्टीसाठी जाहीर पत्र कशाला, असं वाटेल. म्हणून माझ्या हातून काय झालं ते आधी सांगते.

प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन असे दोन रकाने असतात. ते भरायचे म्हणून दर सत्रात मोजमाप होतं. २०१७ चा जुलै महिना. आठवी 'ब', पट ६१. क्रीडा खोलीतून काटा आणून टेबलाजवळ ठेवला. दाराशेजारच्या भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली होतीच. वही वर्गप्रतिनिधीच्या हातात दिली, हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेकाला पुढे बोलावलं आणि आकडा मी मोठ्यानं वाचत गेले. तास ३५ मिनिटांचा, भरभर उरकायचं एवढंच डोक्यात होतं. ३८. ४१. ३६. ४०. मग एक मुलगी काट्यावर चढली आणि मी वाचलं, ५८.

क्षणभर वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "टेम्पो!" आणि सगळा वर्ग हसला. मी "ए, शांत बसा" म्हणाले आणि पुढचा क्रमांक पुकारला. ती उतरली, चपला घालायला वळली, तर त्या जागेवर नव्हत्या. कुणीतरी पायानं बाकाखाली सरकवल्या होत्या. ती शोधत बसली नाही, तशीच अनवाणी जागेवर गेली. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं आणि पुढचा आकडा वाचला.

ती वर्गातली सगळ्यात उंच मुलगी होती. उंच मुलीचं वजन जास्त भरणारच. पुढे डॉक्टरांनीही सांगितलं, तिच्या उंचीला ते वजन फार काही जास्त नव्हतं. पण आदल्या चार जणांचे आकडे चाळिशीच्या आसपासचे, त्यांच्यामागून आलेला ५८ वर्गाला डोंगराएवढा वाटला. तिलाही वाटला.

दिवाळीनंतर आमच्या शिपाई मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुमच्या वर्गातली ती उंच पोरगी रोज सायकल स्टँडमागं कुत्रीला चपात्या घालते. सगळ्या." मी म्हटलं, मुक्या जनावरावर जीव असेल. डिसेंबरात परिपाठाला ती रांगेत कोसळली. आई धावत आली आणि पाणी पाजता पाजता मला म्हणाली, "बाई, काय सांगू, पोरगी देवभक्त झालीया. सोमवार धरते, गुरुवार धरते, शनिवार धरते. संकष्टी तर निरंकार करते." घरात त्याचं कौतुक चाललं होतं. आजीनं तिला पोथी आणून दिली होती. त्या दिवशी तिचं वजन ४६ भरलं आणि दोन महिने पाळी आली नव्हती.

हे उपवासाचं मला फार बोचतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. "मी डाएट करतेय" असं मुलीनं सांगितलं तर आपल्याकडे आई रागावते, "वाढत्या वयात कसलं आलंय डाएट" म्हणून ताटात भात वाढते. उपवास म्हटलं की कुणी बोलत नाही, उलट मान वाढतो. लपायला याहून चांगली जागा कुठली? श्रद्धेनं उपवास करणारी मुलगी साबुदाण्याच्या खिचडीची वाट बघत असते, बटाट्याच्या कीसावरून भावंडांशी भांडते. लपणारी मुलगी खिचडीही नको म्हणते, वरीचे तांदूळही नको म्हणते. आठवड्यात एकाचे तीन वार झाले आणि फराळही बंद झाला, की घरच्यांनी आणि आपणही कान टवकारायला हवेत. त्या मुलीच्या बाबतीत माझ्या ते लक्षात आलं नाही. आता प्रत्येक पालकसभेत मी हे सांगते.

बालरोगतज्ज्ञांनी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. दीड वर्ष लागलं. नववीचं अर्धं वर्ष तिची हजेरी तुटक तुटक होती. ती सावरली, दहावी झाली. दाखला न्यायला आली तेव्हा ऑफिसच्या दारात थांबून तिनं मला विचारलं, "बाई, तो काटा अजून वर्गातच असतो का?" परीक्षा कशी गेली, कुठं प्रवेश घेणार, हे विचारायचं माझ्या मनात होतं. तिच्या मनात तो काटा होता. तीन वर्षांनी.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते आपल्यापुढे ठेवते.

आठवीचा वर्ग म्हणजे शरीराच्या दृष्टीनं एक वर्ग नसतोच. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. म्हणून सातवीतल्या मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि दहावीपर्यंत चित्र उलटतं. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुलीच्या कमरेवर, मांड्यांवर चरबी साठते. ती साठायलाच हवी, वयात येण्याचा तो भाग आहे. नेमक्या त्याच वर्षी आपण तिला "सुटलीस गं" म्हणतो. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांत, जन्मतारखा जवळजवळ असूनही, शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. अशा मुलांचे आकडे एकामागून एक पुकारून आपण काय मिळवतो?

नुसत्या किलोला काही अर्थ नाही. उंची, वय आणि मुलगा की मुलगी हे धरूनच तो आकडा वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ मध्ये सुधारित वाढतक्ते प्रसिद्ध केले, त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. मुलांचे तक्ते वेगळे, मुलींचे वेगळे, प्रत्येक वयाच्या रेषा वेगळ्या. तो तक्ता वाचणं हे डॉक्टरांचं काम. वर्गाला त्यातला एकच आकडा ऐकू येतो आणि वर्ग त्याचं टोपणनाव करतो.

मुलांविषयी, म्हणजे मुलग्यांविषयी, आपण बोलतच नाही. आमच्या शाळेत एक चांगला कबड्डीपटू नववीत अचानक मैदानावर येईनासा झाला. भर उन्हाळ्यात शर्टाच्या आत दोन बनियन घालायचा, चालताना दप्तर पोटाशी धरायचा. कारण विचारलं तर "पाय दुखतो." खेळाच्या तासाला सगळ्यांसमोर त्याला "मग मुलींच्यात जाऊन बस" असं ऐकवलं गेलं होतं. त्याला काय झालं होतं ते त्याच्या मामानं दवाखान्यात नेल्यावर कळलं. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांना छातीवर थोडी सूज येते, बोंडीखाली हाताला गाठ लागते, दुखतेही. संप्रेरकांचा तोल तात्पुरता बदलल्यामुळे हे होतं आणि बहुतेकांचं दोनेक वर्षांत आपोआप जातं. दहावीपर्यंतच्या कुठल्याही वर्गात अशी चार-सहा मुलं बसलेली असतात. त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की हे फक्त आपल्यालाच झालंय. कुणाला कॅन्सरची भीती, कुणाला आपण पुरुष होणारच नाही ही भीती. विज्ञानाच्या तासाला पाच मिनिटं काढून हे एक वाक्य सांगितलं, तर कितीतरी मुलं सुटकेचा श्वास टाकतील. आमच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं त्या दिवशी वर्गात नेहमीचं खिदळणं नव्हतं. मुलं कान देऊन ऐकत होती. बारीक मुलांची तऱ्हा वेगळी. 'काडी', 'हँगर' ऐकून ऐकून ती तालुक्याच्या जिममध्ये जातात आणि डब्यावर काय लिहिलंय हे न वाचता कुणीतरी दिलेली पावडर दुधातून घेतात.

मानेच्या काळेपणाचंही सांगते. "मान घासून ये" असं आपण कितीदा म्हणतो. काही मुलामुलींच्या मानेवर, काखेत कातडी जाड आणि काळपट होते. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. ते मूल रोज रात्री लिंबू आणि डाळीचं पीठ लावून मान सोलवटून घेत असतं आणि आपण सकाळी पुन्हा तेच सुनावतो. त्याला साबणाची गरज नाही, डॉक्टरांची आहे.

रंगाबद्दल तर शाळा म्हणून आपल्याला मान खाली घालावी लागेल. स्नेहसंमेलनाच्या नाचात पुढच्या रांगेत कोण असतं? पाहुण्यांना ओवाळायला ताट कुणाच्या हातात देतो? "दिसायला बऱ्या चार मुली घ्या" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये दरवर्षी ऐकलं आहे आणि अनेक वर्षं त्याप्रमाणे मुली निवडूनही दिल्या आहेत. मागच्या रांगेतल्या मुलीला ती मागे का आहे हे कुणी सांगावं लागत नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये कंपनीनं नावातला 'फेअर' काढला. आपली रांग लावण्याची पद्धत मात्र तीच राहिली. दहावीच्या फॉर्मसाठी मुलं फोटो काढून आणतात, तेव्हा स्टुडिओवाला न विचारताच चेहरा उजळ करून देतो. हॉल तिकिटावरची मुलगी आणि समोरची मुलगी जुळत नाही. मागे एकीला मी म्हटलं, अगं, हा फोटो तुझ्यासारखा दिसत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तो आवडला, बाई."

यावर नेहमीचं उत्तर येतं की सगळं मोबाइलनं केलंय. मोबाइलचा वाटा आहेच. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात त्यांच्याच पाहणीतली नोंद होती. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं. पण मोबाइल आपल्या हातात नाही. वर्गातला काटा आहे, ओवाळणीचं ताट आहे, आपली जीभ आहे. म्हणून मी हे पत्र त्या कंपनीला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

आता आक्षेपाकडे येते, कारण तो खरा आहे. मुलांमध्ये लठ्ठपणा वाढतोय आणि दुसऱ्या टोकाला कुपोषणही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मग मोजायचं नाही का? मोजायचं. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन तपासणी करतात. त्यांना उंची-वजन लागतं आणि त्यातून आजार वेळेवर सापडतात. मला तो कार्यक्रम मोलाचा वाटतो.

पण आकडा सांगून, लाजवून मूल बारीक होतं, ही समजूत मात्र टिकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या ७९ शाळांत, तिसरी ते आठवीच्या २८ हजारांहून जास्त मुलांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत वजन मोजून पालकांना अहवाल पाठवला, काही शाळांत मोजलं पण कळवलं नाही, काही शाळांत मोजलंच नाही. अहवाल पाठवल्यानं मुलांच्या वजनात फरक पडला नाही. ज्यांना शाळेत मोजलं त्या मुलांमध्ये मात्र स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी आणि वजनावरून एकमेकांत होणारी बोलणी जास्त वाढली. म्हणजे नुसतं मोजणंसुद्धा आपण समजतो तितकं निरुपद्रवी नाही. तिथंही कुणी वर्गात आकडे पुकारले असतील असं मला वाटत नाही. आपण तर पुकारतो. मग मोजायचंच असेल, तर किती जपून मोजायला हवं याचा विचार आपणच करा.

कायद्याचंही एक वाक्य. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम १७ आपण सगळे छडीच्या संदर्भात ओळखतो. त्यात शारीरिक शिक्षेच्या जोडीनं मानसिक छळालाही मनाई आहे. 'टेम्पो' म्हणणारा मुलगा तेरा वर्षांचा होता. त्याला तो आकडा पुरवणारी मी चाळिशीची होते.

आमच्या शाळेत २०१८ पासून काय करतो ते लिहिते. मोजमाप वर्गात होत नाही. क्रीडा खोलीत एक कोपरा आडोसा लावून वेगळा केला आहे. एका वेळी एकच मूल आत जातं, बाकीची बाहेर वऱ्हांड्यात दूर उभी असतात. मुलींसाठी बाई, मुलग्यांसाठी सर. काट्याचा आकडा मुलाकडे न ठेवता आमच्याकडे फिरवलेला असतो. लिहितात ते शिक्षकच, विद्यार्थी नाही. तोंडातून एक शब्द काढायचा नाही, "वा" नाही आणि "अरे बापरे" तर मुळीच नाही. "छान, बारीक झालीस" हेही नाही, कारण ती कशानं बारीक झाली हे आपल्याला ठाऊक नसतं. एखाद्या मुलाचं वजन एका सत्रात बरंच घटलं किंवा वाढलं, तर पालकांना एकटं बोलावून दवाखान्यात दाखवायला सांगतो. प्रगतिपुस्तक हा मोठा घोळ होता. मुलांच्या हाती दिलं की पाच मिनिटांत सगळ्या बाकांवरून फिरतं. म्हणून ते आता पालकसभेत पालकांच्याच हातात देतो. पूर्वी एका तासात उरकणारं काम आता तीन दिवस चालतं. मुख्याध्यापकांनी ते तीन दिवस दिले, बाकी खर्च काही नाही.

टोपणनावांचं अजून पूर्ण जमलेलं नाही. मुलं एकमेकांना म्हणतात ते एका फटक्यात थांबत नाही. शिक्षकांनी मात्र 'जाड्या', 'बुटक्या', 'काळू' ही नावं सोडली आहेत. प्रेमानं म्हणतो असं काही जणांचं म्हणणं होतं. आम्ही तीन माजी विद्यार्थ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं आणि त्यांना ती नावं कशी वाटायची हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. पुन्हा तो मुद्दा कुणी काढला नाही.

डबा भरलेलाच परत नेणारं मूल, जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच स्वच्छतागृहाकडे जाणारं मूल, मार्चच्या उन्हात स्वेटर घालून बसणारं मूल, खेळाच्या तासाला रोज नवं दुखणं सांगणारं मूल, ही आपल्याला दिसतात, कारण सहा-सात तास ती आपल्यासमोर असतात. दिसलं तर सगळ्यांसमोर विचारू नका. वही तपासायला बोलावल्यासारखं बोलवा. पहिल्यांदा ते "काही नाही" म्हणेल. आठवड्यानं परत विचारा.

पुढे पाठवायचं कुठे, हा प्रश्न खेड्यापाड्यातल्या शाळांना पडतो. आपल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतात. आपल्या तालुक्याचं कुठे आहे, कोणत्या वारी उघडं असतं, हे चौकशी करून फलकावर लिहा. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शिक्षकही फोन करून सल्ला विचारू शकतात, मी विचारला आहे. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत. आमच्या शाळेत ते पद अजून भरलेलं नाही. संस्थाचालकांकडे मागणी केली आहे आणि करत राहणार आहे. मुख्याध्यापकांनो, आपणही लेखी मागा, तोंडी मागणी फायलीत राहत नाही.

समुपदेशक येईल तेव्हा येईल. आडोशासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. आम्ही दोन खिळे ठोकले, सुतळी बांधली आणि माझ्या घरची एक जुनी चादर टाकली. पहिल्या सत्राची मोजमापं आता तोंडावर आली आहेत. काटा क्रीडा खोलीतून वर्गात आणायला एखादं पोर धावेल, तेव्हा त्याला सांगा, काटा तिथंच राहू दे.

कळावे,

आपली,
आठवी 'ब' ची वर्गशिक्षिका
जिल्हा सातारा